घड्याळाने काढलेली लाल रेघ

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की बाबा रस्ता चुकले, दोन तास भटकत होते. ते खरं नव्हतं. मुद्दाम नाही, पण न तपासता लिहिलं, आणि मला ते खोटं बोलण्याहून फारसं वेगळं वाटत नाही. मी बाबांना विचारलंच नाही. विचारलं ते तू त्यांच्या मनगटावर बांधलेल्या घड्याळाला. फोनवर त्यांच्या वाटेची लाल रेघ दिसली: गल्लीच्या टोकापर्यंत, मग त्याच गल्लीतून परत, दर दहा पावलांवर थांबा. खाली लिहिलं होतं, ‘दिशाभ्रमाची शक्यता’. तेच मी तुला उतरवून पाठवलं.

परवा मी गुपचूप त्यांच्या मागे गेले. याचीही लाज वाटते. बाबा विषम क्रमांकांची घरं करत गेले, टोकाला वळले आणि सम क्रमांकांची करत परतले. प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबले. छत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस आणखी कसा चालणार? शाळेच्या आधी मला सम-विषम त्यांनीच शिकवलं, जुन्या पाकिटांचे दोन गठ्ठे जमिनीवर लावून. तरी मला ती रेघ वाचता आली नाही. त्यांनी मला पकडलंच. म्हणाले, “एक साहेब मनगटावर, एक पाठीमागे. पोस्टात असताना तरी एकच होता गं.”

आता भीती वेगळीच आहे. कोपऱ्यावर बाबा थबकतात. पाय डावीकडे वळलेला असतो, नजर घड्याळाकडे, ते होय म्हणेल का म्हणून. असंच चाललं तर ते खरोखर चुकायला लागतील, आणि मग घड्याळच बरोबर ठरेल. त्याने तुला आणखी काय काय कळवलंय, आणि आपण काय काय मानून बसलोय, कोण जाणे.

माझ्या त्या पत्राच्या भरवशावर तू दाराला फक्त आपल्या फोनवरून उघडणारं कुलूप ठरवलंस, आणि संमतीची सही मी केली. कुलूपवाला बुधवारी येणार होता. त्याला मी नको म्हणून कळवते आहे. बुधवारच्या आधीच बाबांना विचारून घड्याळही उतरवणार आहे. तुझ्या फोनवर ‘संपर्क तुटला’ असा इशारा येईल. तेव्हा घाबरू नकोस, शेजाऱ्यांना शोधायला पळवू नकोस, बाबा फिरायला गेलेले असतील. त्यासाठीच हे पत्र. दिवस लिहून ठेव: मंगळवार, अकरा तारीख, सकाळी आठ.

तुझीच,
धाकटी