गुडघ्याखालची काठी

तेहरान, ५ मेहर

ती. माहपरी आबजीस धाकट्या भावाचा, फरामर्जचा सा. न. वि. वि.

खुदाकरमने तुझा फोन भिंतीवर आपटून फोडला, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. नवरा आहे की कसाई? तुझ्या ओठाचे टाके निघाले का?

माझं बरं नाही. हल्ली रक्तात एक नवा आकडा बघतात. बसवलेल्या फुप्फुसाला इजा झाली, की ते ज्या मेलेल्या माणसाचं आहे त्याच्या पेशींचा चुरा माझ्या रक्तात उतरतो. धाप लागायच्या आधीच कळतं. तुमच्याकडच्या लग्नाहून परतल्यापासून तो आकडा चौपट झालाय. डॉ. नजमीबाई म्हणतात, अंग फुप्फुस झिडकारतंय. अंगाची लढायची ताकदच मारणारं औषध शनिवारी सुरू करणार. मी म्हटलं, बाई, बख्तियारी टोळीवाल्याचं अंग आहे, परक्याला हाकलणारच. हसल्या नाहीत.

छातीत दुखतं थोडं. न्हाणीघरात घसरलो होतो, त्यांना सांगितलेलं नाही. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा फरामर्ज

इझे, ८ मेहर

चि. फरामर्जला अनेक आशीर्वाद.

न्हाणीघर म्हणे! लग्नात बायकांच्या गच्चीवरून मी सगळं पाहिलंय. काठ्यांच्या नाचात फटका गुडघ्याखाली मारायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खुदाकरमने काठी दोन्ही हातांनी उचलली आणि तुझ्या छातीवर घातली, शिवणीच्या जागीच. ढोल दणदणत होता, बरगडी मोडल्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. तू हसलास आणि तोंडाला आलेलं रक्त चहाबरोबर गिळलंस. बहिणीवर पुन्हा हात उचललास तर तिला घेऊन जाईन, असं तू त्याला आदल्या दिवशी बजावलं होतंस ना, त्याचं हे उत्तर.

अरे, फुप्फुस माराने फुटलंय. आत पू झाला असेल, आणि बाई तुझीच ताकद मारायला निघाल्यात! मरशील, गाढवा. शनिवारच्या आत खरं सांग.

तुझी माहपरी

तेहरान, १० मेहर

ती. आबजीस सा. न.

नाही सांगणार. मारहाण म्हटली की दवाखाना पोलिसांना कळवतो. मग चुलत्यांना कळेल, बंदुका निघतील, आणि खुदाकरम आधी तुझा गळा धरेल. तुला आईची शपथ आहे, गप्प बस.

फरामर्ज

इझे, १७ मेहर

चि. फरामर्जला अनेक आशीर्वाद.

शपथ मोडली. शेजारणीच्या फोनवरून नजमीबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी माझ्यावरच ओरडल्या. मग म्हणाल्या, आकड्यावरून इजा कळते, ती कशाने झाली ते माणसानेच सांगावं लागतं. औषध थांबवलं, नळी घालून पू काढला, आकडा उतरतोय, हे कळलं तेव्हा मी चुलीपाशी बसून रडले.

दवाखान्याने पोलिसांना कळवलं, पण पोलिसांच्या आधी आपले चुलते पोचले. खुदाकरमला केसांना धरून अंगणात ओढला. बंदुकीच्या दस्त्याने त्याचे दात पाडले. तो माझ्या घागऱ्याला लोंबकळला. ओढणी टाक म्हणाला, माहपरी, ओढणी टाक. बाईने मध्ये ओढणी टाकली की आपल्यात कुणी पुरुष ती ओलांडत नाही. आईने अशा दोन मारामाऱ्या थांबवल्या होत्या. चुलतेही थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

माझा हात ओढणीच्या गाठीपर्यंत गेला, फरामर्ज. मी ती गाठ घट्ट केली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

नीट श्वास घेत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी माहपरी