आक्काच्या नावाचा पासवर्ड

जुळे सोलापूर, सोमवार

ती. आक्काच्या पायांवर सिद्धलिंगचं डोकं.

गुडघा कसा आहे? (दोन्ही विचारले असं समज.) दाजींचा खोकला थांबला का, शेंगा काढून झाल्या का, हे फोनवरही विचारता आलं असतं, पण आपली सृष्टी म्हणते, महत्त्वाचं काही फोनवर बोलूच नये. म्हणून बारा वर्षांनी कागद हाती घेतलाय. अक्षर तेच आहे, ज्याच्यासाठी तू मला पट्टीनं मारायचीस.

विषय सृष्टीच्या शिक्षणाचा. बारावी झाल्यापासून घरभर विद्यापीठांची माहितीपत्रकं पसरलीत. परवा तुझ्या भावजयीनं त्यातल्याच एकावर गरम भाकरी ठेवली आणि मी निम्मं विद्यापीठ भाकरीबरोबर खाल्लं. वाटा तीन आहेत. इथंच सोलापुरात कॉम्प्युटरची पदवी, त्यात सायबर सुरक्षेचा एक विषय. स्कूटीवरून जायचं, दुपारी घरी. नाहीतर पुण्यात तीन वर्षं. आणि तिसरी परराज्यात, रेल्वेनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस. तिथं चार वर्षं हेच शिकायचं की धरण, वीजकेंद्र, पाणीपुरवठा ज्या कॉम्प्युटरवर चालतात त्यांची राखण कशी करायची. (याला 'अत्यावश्यक पायाभूत सुविधांचं संरक्षण' म्हणतात. मी तीन दिवस पाठ केलंय.) तिला तिसरीच पाहिजे. जागा मिळालीसुद्धा. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पालकाच्या सहीचं संमतीपत्र गेलं नाही, तर ती दुसऱ्याला देणार आहेत. पालक म्हणजे मी.

मी तिला म्हटलं, पाणी राखायला वॉचमन असतो, पदवी कशाला? वीस वर्षं मी दहा सोसायट्यांच्या पंपहाऊसवर आहे, कॉम्प्युटरमधून पाणी पळवलेलं कधी पाहिलं नाही. (कॉम्प्युटर येऊन आठच महिने झालेत, ती गोष्ट वेगळी.) शनिवारी ती माझा डबा घेऊन पंपहाऊसवर आली. पाच दिवसांच्या खंडानंतर त्याच दिवशी पाणी यायचं होतं; लोक पिंपं, घागरी, कुकरसुद्धा मांडून बसलेले. मला म्हणाली, भिंतीकडं तोंड करा. मी केलं. पासवर्ड चुकल्याचा आवाज दोनदा आला, आणि तिसऱ्या खेपेला सगळं पंपहाऊस पडद्यावर उघडलं. दोन नंबरच्या पंपाखाली लाल बटण होतं आणि तिचा हात माउसवर. ती काहीही करणार नव्हती, नुसतं दाखवत होती. पण मी धावलो, माउस हिसकावला, आणि बटण दाबलं गेलं ते माझ्याच बोटानं.

पंप एकदा थांबला की वीस मिनिटं सुरू करता येत नाही. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. फोन वाजत होता, फाटकावर रिकाम्या घागरी घेऊन बायका जमल्या होत्या, आणि सृष्टी शेजारी उभी राहून मिनिटं मोजत होती. तेवढ्यात आमचे इंजिनियर प्रभुलिंगसाहेब आले. "कोण बंद केलं ओ पंप?" मी म्हटलं, लाईट गेली. (डोक्यावर ट्यूब जळत होती.) सृष्टीनं सगळं खरं सांगितलं. पासवर्डही सांगितला. साहेब चिडतील असं वाटलं होतं, पण ते रुमालानं मान पुसत बाहेर लिंबाखाली जाऊन बराच वेळ स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी बदलत बसले. जाताना म्हणाले, पोरीला अडवू नका.

पासवर्ड काय होता म्हणशील, तर तुझं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सृष्टी घरी येताना एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळं आत्याच्या नावामागंच लपवता की."

मला पोरीचा अभिमान वाटला, हे खरं सांगतो. पत्र तिच्याच हाती देतोय. उद्या सकाळच्या एसटीनं ती तुझ्याकडं मंद्रूपला येतेय. पाकीट नीट चिकटवलंय.

तुझा,
सिद्धलिंग

ता. क. ती का येतेय, ते आता सांगतो. 'बजाआत्याला पोरीनं जिल्ह्याबाहेर गेलेलं चालणार नाही' असं मी तिला महिनाभर सांगत आलोय. तू असं कधीच म्हणाली नाहीस, ठाऊक आहे. ती तुला समजवायला येतेय. तर आक्का, गुरुवारी पाचपर्यंत तेवढं 'नाही' धरून बस. पुढं जागा आपोआप जाईल.

ता. क. दुसरा. मला भीती वाटते. तिथं तिचं काही वाईट होईल याची नाही. ती गेल्यावर घरात माझ्याशी भांडायला कोण उरेल, याची. पंपाचा पासवर्ड बदललाय. तो काही मी लिहिणार नाही, पण आता तुझं नाव काढून, जी जायचं म्हणतेय तिचं घातलंय.

ता. क. तिसरा. आत्या, मी सृष्टी. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं होतं, मंद्रूप यायच्या आत सुटलं. वाचलं, आणि एसटीत रडले. बाबांना पासवर्ड परत बदलायला सांग. संमतीपत्र मी त्यांच्या डब्यात भाकरीखाली ठेवून आलेय. तू हो म्हणू नकोस, नाही पण म्हणू नकोस. त्यांना फोन लावून एवढंच विचार, "सिद्ध्या, तुझं काय म्हणणं हाय?" आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नकोस.