दोन वर्षांचं दूध

दारव्हा, मंगळवार, १७ जानेवारी १९६१

आधी आली थोरली सून, दुधाचा पेला घेऊन. तेव्हाच मले समजलं, आज काहीतरी आहे. दिवाळीपासून हे खोकून राह्यले, कोणी विचारलं नाही. मग थोरला आला, मागून त्याचा वकील.

वकील म्हणे, "काकू, काका गेल्यावर सरकार इस्टेटीवर कर घेईन. कापसाचं जीन अन् वावरं आताच पोरांच्या नावानं बक्षीस करा. फक्त मग काकांनी दोन वर्षं जगलं पाहिजे, नाहीतर कर लागेनच."

म्हणून दूध! दोन वर्षं टिकावे म्हणून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सारं देऊन आम्ही दोघांनी खायचं कोणाच्या हातचं?"

थोरला म्हणे, "माय, आम्ही काय परके आहो?"

परका नाहीस रे बाबू, पण पेला आजच काहून आठवला?

ह्यांनी सारं दूध पिऊन मिशी पुसली. म्हणाले, "दूध गोड आहे. रोज पाठवत जा. सहीचं मी मेल्यावर पाहू." मले असं हसू आलं!

पण राग जात नाही. सरकार निदान मरेपर्यंत थांबते. पोटच्या पोराले तेवढाही दम नाही?

शुक्रवारी पुन्हा येतो म्हणून गेले. पेला इथंच ठेवून घेतला मी. पाहू, सही न होता दुसरा पेला भरून येते का!