पायातलं धुकं

पवनार,
चैत्रातली एक निवांत दुपार

तीर्थस्वरूप बापूराव मामा यांस,

अंकिताचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण अष्टांगांपैकी डावा पाय अजून लोखंडी कड्यांत अडकलेला आहे, तेव्हा जेवढी अंगं मोकळी आहेत तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. मामींची कंबर, तुमचा खोकला आणि रोज संध्याकाळी सिंदीच्या स्टेशनावर जाऊन गाड्या पाहायचा तुमचा नेम, हे सगळं व्यवस्थित चालू असेल अशी आशा आहे. (खोकला चालू नसला तरी आमची हरकत नाही.)

तुम्ही फोनवर "पाय कसा हाय?" विचारता आणि मी तोंड उघडेपर्यंत बाबा फोन घेऊन कापसावर बोलायला लागतात. म्हणून हे पत्र. शिवाय पडल्या पडल्या पत्र लिहिण्यात एक सुख आहे. मधेच डोळा लागला तर समोरचा माणूस रागावत नाही.

तर पहिल्यापासून सांगते. लहानपणी हाडात पू झाला आणि माझी डावी नळी वाढायची थांबली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उजवी मात्र मागंपुढं न पाहता वाढत गेली आणि दोघींत अडीच बोटांचं अंतर पडलं. डॉक्टरांनी उपाय सांगितला तो असा: नळीचं हाड मुद्दाम कापायचं, दोन्ही तुकडे तारांनी बाहेरच्या कड्यांना बांधायचे, आणि कड्यांवरचे नट रोज किंचित किंचित फिरवून तुकडे एकमेकांपासून लांब न्यायचे. मधल्या फटीत शरीर आपणहून नवं हाड भरतं. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, "हाड का रबर हाय, ताणाले?" मी तुमचा प्रश्न डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. ते हसले आणि म्हणाले, रबर नाही, रोपटं समजा. हे त्यांनी बाबांसमोर म्हणायला नको होतं.

कारण मामा, रोपट्यातलं बाबांना सगळं कळतं. घरी आल्यावर नट फिरवायचं काम त्यांनी कुणाला विचारलंच नाही, पान्हा थेट आपल्या खिशात ठेवला. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून यायचे, नट फिरवायचे, आणि मग पायाकडे असे पाहत बसायचे की जणू आत्ता वरून पानं फुटतील. (जिजाबाई शेजारणीनं त्यांना हाडसांधीचा वेल आणून दिला. तो कुटून मला दिला गेला. घसा इतका खाजला की पायाचं दुखणं दिवसभर आठवलं नाही, एवढा गुण मात्र आला.)

मी त्या दिवसांत फार झोपायची. गोळ्यांमुळे असेल. पायात सतत एक ओढ असायची, दुखणं म्हणावं तर तसं नव्हे, कुणी हळूच बोट धरून 'चल' म्हणतंय अशी. एका दुपारी स्वप्न पडलं की पाय वाढत वाढत खाटेवरून उतरला, दारातून बाहेर पडला, धाम नदीचा पूल ओलांडून गेला आणि वर्ध्याच्या बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणाला, बाकीची बाई कुठाय? पाय म्हणाला, येते मागून, तिचं अर्धं तिकीट फाडा. जागी झाले तर आई तळव्याला तेल चोळत होती. तिला स्वप्न सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे त्याले. लय वर्सं मागं राह्यला तो."

पुढं कापूस घरात आला. दुसरी जागा नव्हती, म्हणून माझ्या खाटेशेजारीच ढीग लावला, पार आढ्यापर्यंत. पांढऱ्याशुभ्र भिंतीला टेकून मी पुस्तकं वाचायची. (कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी असून इतकी पुस्तकं मी कधी वाचली नव्हती. तिथं मोजण्यातच जन्म जातो.) ऊब यायची, सरकीचा वास यायचा, सगळं कसं मऊ आणि दूरचं वाटायचं. वाटलं, हाडही असंच आत शांतपणे भरत असेल.

ते भरत नव्हतं. दवाखान्यात फोटो काढला तर दोन तुकड्यांच्या मधे नुसता काळा अंधार. डॉक्टरांनी विचारलं की नट सांगितल्याप्रमाणेच फिरवता ना. बाबा खाली मान घालून म्हणाले, "थोडा जास्त फिरवला साहेब. खत चांगलं पडलं तर पीकही लवकर येते, असं वाटलं."

डॉक्टर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हाड आपल्या चालीनं येतं, त्याच्यापुढं पळालं तर ते येणंच सोडतं, असं त्यांनी सावकाश समजावलं. आता नट थोडे उलटे फिरवायचे, मग काही आठवडे हातच लावायचा नाही. एवढं करून हाड धरलं नाही तर कमरेचं हाड काढून तिथं बसवावं लागेल. म्हणजे दुसरं ऑपरेशन.

घरी येऊन बाबांनी पान्हा आईच्या हातात दिला आणि शेतात निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वॉकर घेतला, कशीबशी दारात बसलेल्या बाबांपर्यंत गेले आणि म्हटलं, बाबा, पायावर भार दिला तर हाड लवकर धरतं, डॉक्टरांनीच सांगितलंय, मला नदीपर्यंत चालवा. ते उठले. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं निघायचो. धामेवर पांढरं धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. बाबा पुढं कधी गेले नाहीत, मला घाईही केली नाही. आयुष्यभर ज्यांनी बैलांना 'चल' म्हटलं, ते माझ्याशेजारी नुसते उभे राहायला शिकले.

पौषात पुन्हा फोटो काढला. बाबा बाहेरच थांबले, आत यायची त्यांची छाती होईना. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. काळ्या फटीत काहीतरी पुसट, पांढुरकं उतरलं होतं. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, हे तुमचं नवं हाड. बाबांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हे तं धुकं हाय."

मग उरलेलं अंतर नीट, सांगितल्याप्रमाणे वाढवलं. (पान्हा आईकडेच राहिला.) आता ते धुकं घट्ट झालंय. कालच्या फोटोत नळीच्या कडा सलग दिसतात. पुढच्या आठवड्यात कडी निघणार आहेत. कडी निघाल्यावर मी कशी चालेन ते मला ठाऊक नाही. या लंगड्या चालीवरूनच सगळे मला लांबून ओळखतात, आता हाक मारावी लागेल.

मामींना नमस्कार. तुम्हाला तर वर केलाच आहे.

तुमची,
अंकिता

ता. क. – सिंदीहून येणारं कुणी असेल तर मामींच्या हातचं लिंबाचं लोणचं पाठवावं. घसा अजून खाजतो.

दुसरा ता. क. – खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या गुंजन मॅडमनी मला चालायला सांगितलं तेव्हा आई शेजारून चालत होती. मॅडम माझ्याकडे पाहायचं सोडून तिच्याकडेच पाहत राहिल्या. डॉक्टरांनी तिचेही फोटो काढले. दोन्ही गुडघे पार झिजलेत, ऑपरेशन लवकर करावं म्हणतात. माझ्या खाटेभोवती ती उठत-बसत होती आणि दुखतं म्हणून एकदाही बोलली नाही. आता म्हणते, पुढच्या वर्षी पाहू. बाबांनी सांगून पाहिलं तर तिनं घाईचं फळ म्हणून त्यांना पान्हा दाखवला. तुम्ही तिचे मोठे भाऊ, तुमचं ती ऐकते. तुम्ही या. मी बोलावलं असं सांगू नका.

दादा, मी देवका. पोरीनं पत्र पाकिटात टाकाले मलेच देल्लं. काहीच्या काही लिहून राह्यली. माझे गुडघे चांगले हायेत. तू येजो, पण तिचा पाय पाहाले येजो. माह्यासाठी नोको येऊ.

शेवटचा ता. क. – वरच्या ओळी लिहायला आई जमिनीवर बसली. लिहून झाल्यावर तिला उठता येईना. मी कड्यांसकट उभी राहिले आणि हात पुढं केला. तिनं तो धरला आणि उठली. मामा, लवकर या.