वेगळी बांधलेली मेंढी

चि. शिवांजलीस, तुझ्या अण्णाचा आशीर्वाद.

सोमवारी अमेरिकेत तुला डुकराची किडनी बसवणार, हे कळलं. त्या जनावरातला एखादा विषाणू लपून राहिला तर तुझ्यात येईल, म्हणून जन्मभर तुझं रक्त तपासणार, हे तूच सांगितलंस. वर हसलीस, "अण्णा, मला आता पंगतीत बसू द्याल का न्हाय?"

"डुकरं तपासलेली असतात," म्हणालीस. पोरी, मी मेंढरांतला माणूस. एकदा वाशीच्या बाजारातून आणलेली मेंढी मी एकवीस दिवस वेगळी बांधली होती. धडधाकट दिसली, म्हणून कळपात सोडली. महिन्यात अर्धा कळप मेला. तिला काहीच झालं नाही. रोग मात्र तिनंच आणला होता.

हे फोनवर बोलायला जमलं नाही, आणि हा कागदही टपालात पडणार नाही. तुला अडवायचा हक्क मला उरलेला नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्या किडन्या निकामी झाल्या नि तू माहेरी आलीस, तेव्हा माझी किडनी तुला जुळली होती. मी भ्यालो. डॉक्टरांपुढं हात जोडले, "जुळत न्हाय म्हणून सांगा." तुझ्या आईलाही कळू दिलं नाही.

काल कळंबला जाऊन विचारलं, आता माझी घेतील का. वय त्र्याहत्तर, त्यात साखर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आता न्हाय चालत."

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "अण्णा, तुमची जुळली असती तर तुम्ही तवाच दिली असती, मला ठावं हाय."

मी "व्हय" म्हणालो.

तुझा बाप म्हणवून घेणारा,
गोरोबा