राजांची जोडी आणि मेहुणा

रविवार, संध्याकाळ. विचुंबे.

आज पोकर खेळताना मला राजांची जोडी आली. टेबलावरची पानं उघडायच्या आधीच मी बोली वाढवली, तर संदीपने, माझ्या मेहुण्याने, लगेच पानं टाकून डाव सोडला. एक्क्यांच्या जोडीलाही तेच! माझ्या मागे काचेचं कपाट होतं. त्यात बघतो का हा? म्हणून मी जागा बदलली. तरीही त्याने पानं टाकलीच. म्हणजे कपाट नव्हे.

शेवटी विचारलं, "माझी पानं दिसतात का रे तुला?"

"नाही दाजी. पानं चांगली आली की तुम्ही सगळ्यांना चहा विचारता. ताई म्हणते, काही लपवायचं असलं की एरवीही असंच करता."

वैशाली, माझी बायको, शांतपणे पत्ते पिसत होती. तिला माझं नक्की काय काय कळलंय?