तोंडी दिलेल्या संमतीबाबत

मी, लतिका प्रल्हाद साठे, वय ६२, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. वकील संजय म्हणाला, "काकू, भीतीचा उल्लेख नको, कोर्टात प्रॉब्लेम होईल." मी तो ठेवला आहे. इंग्रजी प्रत तो करील. माझे शब्द हे आहेत.

१. माझे यजमान प्रल्हाद मागच्या फेब्रुवारीत गेले. घर, गाडी आणि बँकेतील सर्व काही आमचा एकुलता मुलगा ऋषी, वय २६, याला मिळावे. संजयने विचारले, "ऋषी तुमच्याआधी... म्हणजे, इथे दुसरं नाव लागतं, काकू. फॉर्मॅलिटी आहे." मी म्हटले, "तुझ्या लेकीचं, राधिकाचं नाव घालून हेच वाक्य वाच बरं." त्याने पेन खाली ठेवले. ते वाक्य लिहिलेले नाही.

२. नणंद मालिनीवन्सं, पुणे, यांना चांदीचे तबक द्यावे. ऋषी नॅशनल गार्डच्या, म्हणजे इथल्या राखीव सैन्याच्या, पायदळात गेला तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "काय हो वहिनी, इंजिनिअरचा मुलगा शिपाई केलात?" तबक त्यांच्या आईचे आहे म्हणून देते. अत्तरदाणी देऊ नये.

३. प्रल्हाद यांच्या चार फाइली गावच्या लायब्ररीला द्याव्यात. इथल्या यादवी युद्धात या भागातून गेलेल्या एका पलटणीची पत्रे ते निवृत्तीनंतर मराठीत आणत होते. बूट शिवणारे, शेतकरी, एक शाळामास्तर, सगळ्यांनी गावच्या सभागृहात रांगेने सह्या केल्या आणि आपला कॅप्टन हात वर करून निवडला. शेजारी शेजाऱ्याशेजारी उभा राहिला, म्हणून एका सकाळच्या लढाईत एका रस्त्यावरची पाच घरे रिकामी झाली. त्यांनी 'स्वयंसेवक पलटण' असे लिहिले तेव्हा मी हसले होते. "अहो, स्वयंसेवक म्हणजे बिल्ला लावून पाणी वाटणारे." ते म्हणाले, "हेही तसेच गं. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून गेले." त्या लढाईची तिसरी फाइल मी पुरी वाचलेली नाही. वाचवत नाही.

४. आता जे कोणाला सांगितलेले नाही ते. गेल्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीसाठी मी मोदक वळत होते. ऋषीचा फोन आला. "आई, मी व्हॉलंटीअर केलंय." मंडळाला माणसे हवीच होती. मी म्हटले, "बरं केलंस रे. बाबा असते तर तुझ्याआधी त्यांनी नाव दिलं असतं." तो म्हणाला, "थँक्स, आई. मला वाटलं तू नाही म्हणशील." प्रसाद वाटायला मी कशाला नाही म्हणेन, असे मनात आले, आणि फोन ठेवला.

विसर्जनाच्या दिवशी मंडळाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. ते इराकला जाणाऱ्या तुकडीच्या यादीत होते. गार्डमधून त्याला कोणी पाठवत नव्हते. तो आपणहून गेला. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगतो, आई हो म्हणाली, बाबाही म्हणाले असते. मला तोंड उघडता आले नाही. येत्या मंगळवारी तो निघतो.

५. या जागी आधीची मृत्युपत्रे रद्द केल्याचे लिहितात. माझे आधीचे मृत्युपत्र नाही. परंतु ऑगस्टमध्ये मी दिलेली संमती, आणि प्रल्हाद यांच्या नावाने दिलेली संमती, मी याद्वारे रद्द करते. संजय म्हणतो, कायद्याने याचा काही उपयोग नाही. माहीत आहे.

हे कलम माझ्या मरणापर्यंत पाकिटात ठेवू नये. ऋषी बाहेर गाडी सुरू ठेवून बसला आहे. सह्या झाल्या की संजयने त्याला आत बोलवावे आणि हे मराठीतच, सावकाश वाचून दाखवावे. मी समोर बसेन. वाचणे मला जमणार नाही.

सही: लतिका प्रल्हाद साठे

आमच्यासमक्ष, आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. शरयू देवधर
२. चारुदत्त देवधर

स्थळ: श्रूजबरी
दिनांक: ६ जानेवारी २००७, शनिवार